वऱ्हाड सापडत नाही

फोन आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. आमच्या गावच्या वाचनालयाचे ग्रंथपालकाका बोलत होते. मी चौथीत असल्यापासून ते मला ओळखतात, सुट्टीत रोज एक पुस्तक बदलायला येणारी मुलगी म्हणून. इकडचं तिकडचं काही न विचारता त्यांनी सरळ विषयाला हात घातला. "अगं, वऱ्हाडच्या इतिहासाचं पुस्तक माझ्या हातात आहे. दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक आहे. कपाटात ते त्याच्या जागेवर होतं. आणि संगणक म्हणतोय, असं पुस्तकच नाही. गेले किती दिवस तो असं म्हणतोय, ते मला ठाऊक नाही."

त्यांचं शेवटचं वाक्य ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. त्या संगणकात नावं शोधण्याचं काम करणारा कोड माझा होता. मराठी मजकुरापासून शोधखूण, म्हणजे नाव शोधताना ताडून बघायचं त्याचं साठवलेलं रूप, तयार करणारी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी (इतरांच्या प्रोग्रॅमना वापरता येणारा खुला, तयार कोड) मी काही वर्षांपूर्वी लिहिली, ती अशाच वाचनालयांसाठी. (कोडची ती लायब्ररी आणि पुस्तकांचं ते वाचनालय, हे दोन शब्द मी इथे वेगळेच ठेवणार आहे.) काकांचं वाचनालय तिचं पहिलं घर. आणि ते पुस्तक का सापडत नव्हतं, हे मला फोन कानाला असतानाच कळलं होतं. तीन महिन्यांपूर्वी मी दोन ओळींचा एक पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, नव्या आवृत्तीतून जुन्या आवृत्तीत नेला होता. आमच्या भाषेत बॅकपोर्ट केला होता.

त्या दोन ओळी काय होत्या, ते आधी सांगते. मराठीत 'र' चं एक रूप असं आहे की ज्याच्यासाठी आपण शाळेत मार खाल्लेला असतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या; आचार्यांचा मान वेगळा आणि आचाऱ्यांचा वेगळा. दऱ्या, वऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हास यांतला तो डावीकडे चिकटलेला छोटा वळणदार र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, 'ऱ' हे नुक्तावालं स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावायचा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्यासाठी वेगळी कळ आहे. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा 'र', हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. छापले तरी सारखेच. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. 'ॲ' चंही तसंच आहे. संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी आणि त्यानंतरही असंख्य लोक 'अ' वर चंद्र चढवून तेच लिहीत आले.

म्हणजे एकाने एका पद्धतीने 'वऱ्हाड' टंकित केलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधलं, तर ते सापडत नाही. हा माझ्या लायब्ररीतला दोष होता आणि तो खराच होता. २.० आवृत्तीत मी तो दुरुस्त केला. शोधखूण बनवण्याआधी सगळी रूपं एका रूपात आणायची, एवढंच काम. २.० सोबत मी ठळक लिहिलं होतं की जुन्या सगळ्या नोंदींच्या शोधखुणा पुन्हा बनवून घ्या, नाहीतर जुनं सापडणार नाही. मोठ्या आवृत्तीत असं लिहिता येतं. पहिला आकडा बदलला की माणूस थांबतो, वाचतो, सवड काढतो.

मग विदर्भातल्या एका कॉलेजात ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मुलाचं पत्र आलं. त्यांच्याकडे दोन जण नोंदी करत होते, दोन वेगळ्या कळफलकांवर. अर्धी पुस्तकं सापडत नव्हती. २.० वर जाणं त्याला शक्य नव्हतं, कारण तिला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती लागते आणि कॉलेजचा संगणक जुना. "दोनच ओळी आहेत, १.४ मध्ये द्याल का?" असं त्याने लिहिलं होतं. त्याने पॅचही करून पाठवला होता. मी तो वाचला. बरोबर होता. चाचण्या चालवल्या, सगळ्या हिरव्या. त्याच रात्री १.४.३ बाहेर पडलं. आकड्यांच्या त्या भाषेत तिसऱ्या स्थानावरचा बदल म्हणजे 'निर्धास्त घ्या, काही बदललेलं नाही, फक्त दुरुस्त झालंय'. काकांच्या वाचनालयाचं सॉफ्टवेअर ज्याने बसवून दिलं होतं, त्याने तसंच लिहून ठेवलं होतं: १.४ मधलं जे सगळ्यात ताजं असेल ते घे.

काकांकडे गेली आठ वर्षं नोंदी करणारा माणूस एकच आहे, ते स्वतः. एक कळफलक, एक सवय. 'वऱ्हाड' नोंदवतानाही ते एकाच तऱ्हेने टंकत होते आणि शोधतानाही. त्यामुळे जो दोष मी दुरुस्त केला, तो त्यांच्याकडे कधी नव्हताच. दुरुस्तीनंतर शोधताना नवी खूण बनू लागली आणि डेटाबेसात हजारो नोंदींच्या जुन्या खुणा तशाच राहिल्या. 'ऱ' किंवा 'ॲ' असलेल्या नावांत दोघींची गाठ पडेना. ज्या घरी आजार नव्हता तिथे औषध पोहोचलं, आणि त्या औषधानेच तिथे आजार आणला.

माझ्या चाचण्या हिरव्या का होत्या? कारण चाचणीत मी दोन्ही खुणा त्याच क्षणी बनवून ताडून बघत होते. कालची खूण आज वाचणारी एकही चाचणी मी लिहिली नव्हती. कोड तपासताना आपल्यासमोर कोडच असतो. आठ वर्षांत साचलेला डेटा दुसऱ्याच्या कपाटात असतो.

त्या रात्री मला झोप आली नाही, तेव्हा मी ग्लिबसीची आठवण काढत बसले. लिनक्स या संगणक प्रणालीवर जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम ज्या मूळ सी लायब्ररीवर उभा असतो, ती ही ग्लिबसी. ऑगस्ट २०१८ मध्ये तिची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिच्यात शब्द लावण्याचा क्रम, म्हणजे आपण ज्याला अकारविल्हे लावणं म्हणतो तो, आंतरराष्ट्रीय मानकानुसार नव्याने बसवला. काम चांगलं होतं, कितीतरी भाषांचा क्रम त्याने सुधारला. पण पोस्टग्रेस हा डेटाबेस मजकुराचा क्रम ठरवायला मुळात याच लायब्ररीकडे बघायचा. त्याची अनुक्रमणिका म्हणजे क्रमाने लावलेलं झाड असतं. 'माझा शब्द यापेक्षा आधीचा की नंतरचा' असं विचारत विचारत फांदीफांदीने खाली उतरायचं. ते झाड जुन्या क्रमाने बांधलं आणि वाट विचारली नव्या क्रमाने, तर पाऊल चुकीच्या फांदीवर पडतं. नोंद तिथेच असते, पण सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे 'हे नाव आधीच आहे का' या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर येतं, आणि जिथे एकच हवी तिथे दुसरी नोंद आत शिरते. हे पटवून द्यायला एक इवलंसं उदाहरण लोक वापरत: '११' आणि '१-१' हे दोन शब्द इंग्रजी लिपीच्या आकड्यांत लिहून क्रमाने लावून बघा. जुन्या ग्लिबसीत अकरा आधी येतो, नव्या ग्लिबसीत डॅशवाला.

डेबियन आणि रेड हॅट हे लिनक्सचे तयार संच पुरवणारे. मला त्या प्रकरणात महत्त्वाचं वाटतं ते हे की तो बदल डेबियनच्या लोकांपर्यंत डेबियन १० सोबत आला आणि रेड हॅटच्या लोकांपर्यंत आठव्या आवृत्तीसोबत. म्हणजे घर बदलताना. एखाद्या मंगळवारी, सुरक्षेच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणात, तो कोणाच्या अंगावर आला नाही. तरीही अनेकांचे डेटाबेस बिघडले, कारण घर बदलतानाही सगळे जण सगळ्या सूचना वाचत नाहीत. पण सूचना लिहायला जागा होती, आणि सगळ्या अनुक्रमणिका पुन्हा बांधा, असं सांगायला एक दिवस होता. माझ्या १.४.३ मध्ये तो दिवसच नव्हता.

जुन्या शाखेवर, म्हणजे जुन्या आवृत्तीच्या मालिकेवर, राहणाऱ्या माणसाबद्दल आपण कोड लिहिणारे फार सहज बोलतो. 'अजून जुन्यावरच आहे' असं म्हणताना त्यात थोडी कीव असते. मला ती आता आवडत नाही. काका १.४ वर होते कारण त्यांचं काम चाललं होतं. त्यांना पुस्तकं द्यायची आणि घ्यायची आहेत, वर्षअखेरीस अनुदानासाठी अहवाल पाठवायचा आहे, पावसाळ्यात कपाटांच्या मागची ओल बघायची आहे. त्यांनी स्थैर्य मागितलं होतं, आणि जुनी शाखा चालू ठेवून मी ते देण्याचं कबूल केलं होतं. डेबियनचा सारा 'स्थिर' विभाग याच शब्दावर उभा आहे. तिथे पॅकेजची आवृत्ती गोठवतात आणि सुरक्षेची दुरुस्ती तेवढी वेचून त्या गोठलेल्या आवृत्तीत बसवतात. वर्षानुवर्षं. हे काम करणाऱ्यांचे कष्ट बाहेरून दिसत नाहीत, कारण त्यांच्या यशाचं रूपच असं की काहीच घडलं नाही.

पण मग काहीच नेऊ नये का? असंही म्हणता येत नाही, आणि इथे माझं मन बराच काळ अडकलं होतं.

पायथनची गोष्ट घ्या. पायथन २.७ च्या मूळ लायब्ररीत एक गोष्ट वर्षानुवर्षं तशीच होती: तुम्ही एचटीटीपीएस या सुरक्षित मार्गाने एखाद्या सर्व्हरशी बोललात तर संभाषण कुलूपबंद व्हायचं, पण समोर आहे तो खरंच तोच सर्व्हर आहे का, हे कोणी तपासायचं नाही. मध्ये कोणी उभं राहून सगळं वाचलं तरी प्रोग्रॅम सुखाने चालू. हे बदलायचं ठरलं तेव्हा २.७ ही जुनी, गोठलेली शाखा होती आणि तिच्यावर जग उभं होतं. तरीही १० डिसेंबर २०१४ ला आलेल्या २.७.९ मध्ये सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची तपासणी आपोआप चालू झाली. हा वागणुकीतलाच बदल होता, तोही तिसऱ्या आकड्यावर. ज्या कार्यालयांत घरी बनवलेली प्रमाणपत्रं वापरात होती, तिथले प्रोग्रॅम त्या दिवशी बंद पडले. मोठ्या वितरकांना आपापल्या ग्राहकांसाठी हा बदल टप्प्याटप्प्याने आणता यावा म्हणून नंतर पीईपी ४९३ हा वेगळा प्रस्ताव लिहावा लागला.

मला तो निर्णय बरोबर वाटतो. मी त्याबद्दल अनेकांशी वाद घातला आहे आणि पुढेही घालीन. जुन्या वागण्याची झळ बसत होती ती तिसऱ्याच माणसाला. ज्याचा पासवर्ड त्या तारेतून जात होता, त्याला पायथन नावाचं काही असतं हेही माहीत नव्हतं. आणि नवं वागणं मोडत होतं ते मोठ्याने. प्रोग्रॅम थांबत होता, प्रमाणपत्र जुळत नाही असं सांगत होता, आणि ते ज्याच्यासमोर दिसत होतं त्या माणसाला ते दुरुस्त करता येत होतं. गुपचूप होणारा घात थांबवण्यासाठी उघडपणे होणारी मोडतोड पत्करली गेली.

मी केलं होतं ते याच्या बरोबर उलट. कॉलेजातल्या मुलाला दिसणारा, कळणारा, पत्र लिहून कळवता येणारा त्रास घालवण्यासाठी मी काकांकडे न दिसणारा बिघाड पाठवला. १.४.३ बसवल्यावर संगणक जर सुरूच झाला नसता, लाल अक्षरांत काही दाखवून थांबला असता, तर काकांनी दुसऱ्या दिवशीच मला फोन केला असता. तो सुरू झाला, नेहमीसारखा चालला, आणि नम्रपणे 'नाही' म्हणत राहिला.

तेव्हापासून कुठलाही पॅच जुन्या शाखेत न्यायची वेळ आली की मी आधी हेच बघते: हा मोडला तर आवाज होईल का, आणि तो आवाज कोणाच्या कानावर जाईल. बदल बरोबर आहे का, हा प्रश्न मला आता पुरेसा वाटत नाही. बरोबर तर तो होताच.

याच पायथनने आवाज न करणाऱ्या बदलांना किती जपून हाताळलं, तेही सांगितलं पाहिजे. २०११ च्या डिसेंबरअखेरीस बर्लिनमधल्या एका परिषदेत दोन संशोधकांनी दाखवलं की वेब सर्व्हरला मुद्दाम निवडलेल्या नावांची यादी पाठवली तर त्याच्या आतल्या शब्दकोशासारख्या रचनेत सगळी नावं एकाच खणात जाऊन पडतात आणि सर्व्हर गुदमरतो. ही अडचण अनेक भाषांना होती. त्यावरचा उपाय म्हणजे खण ठरवण्याच्या गणितात दर वेळी एक यादृच्छिक आकडा मिसळायचा. पण मग त्या रचनेतून नावं बाहेर येण्याचा क्रमही दर वेळी बदलणार. क्रम पाळू असं वचन पायथनने कधी दिलं नव्हतं, उलट त्यावर विसंबू नका असंच सांगितलं होतं. तरीही लोक विसंबले होते, कारण डोळ्यांना तो स्थिर दिसत होता. शेवटी २०१२ च्या वसंतात २.६.८, २.७.३, ३.१.५ आणि ३.२.३ या जुन्या शाखांत उपाय दिला गेला तो बंद अवस्थेत. ज्याला हवा त्याने चालू करावा. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या ३.३ मध्ये मात्र तो आपोआप चालू होता. धोका खरा होता, तरी न मागता कोणाच्या घरचा क्रम हलवला नाही. वचन दिलं नव्हतं म्हणून हात झटकता आले असते, ते त्यांनी झटकले नाहीत.

पायथनमधलं टार फायलींचं, म्हणजे अनेक फायली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यांचं, प्रकरण याहून संथ. बाहेरून आलेली टार फाइल उघडताना तिच्यातली एखादी वाट फोल्डरच्या बाहेर उडी मारून भलत्याच फायलीवर जाऊन बसू शकते. या दोषाला सुरक्षा क्रमांक मिळाला २००७ मध्ये. २०२३ मध्ये पीईपी ७०६ नुसार गाळणी लावायची सोय जुन्या शाखांतही दिली गेली, पण न विचारता चालू केली नाही. पायथन ३.१२ ने इशारा द्यायला सुरुवात केली, आणि ३.१४ मध्ये गाळणी आपोआप लागू झाली. फार उशीर झाला असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

आणि पायथनचाच, सप्टेंबर २०२२ मधला ४,३०० अंकांचा निर्णय. प्रचंड लांबीची अंकांची ओळ पूर्णांकात बदलताना लागणारा वेळ लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे कोणी लाखो अंक पाठवून सर्व्हर अडवू शकतो. म्हणून ३.७ पासून ३.१० पर्यंतच्या सगळ्या जुन्या शाखांत मर्यादा आली: दशमानात ४,३०० अंकांच्या पुढे गेलात तर चूक दाखवणार. गणितवाले चिडले. मोठे पूर्णांक हीच तर पायथनची त्यांना आवडणारी गोष्ट, आणि वेब सर्व्हरच्या सुरक्षेचा भार त्यांच्या वहीवर आला. सुरक्षेचा मामला म्हणून चर्चाही आधी बंद दाराआड झालेली. माझं मन इथे पूर्ण ठरत नाही. बदल आवाज करणारा होता आणि मर्यादा उठवायची कळही दिली होती, हे त्याच्या बाजूने. ज्याला झळ बसणार त्याला आधी कोणी विचारलं नाही, हे विरुद्ध. माझ्या कसोटीत जो प्रश्न मी सुरुवातीला घेतलाच नव्हता, तो मला या उदाहरणाने दिला: मोडल्याचा आवाज ऐकणारा माणूस आणि दुरुस्तीचा फायदा घेणारा माणूस एकच आहे का?

दोन ओळींबद्दलही बोलते, कारण माझी फसगत तिथेच झाली. लहान बदल म्हणजे सुरक्षित बदल, असं मला वाटत आलं होतं. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, स्थिर शाखांचे लिखित नियम आहेत, त्यांतही आकाराची अट आहे: पॅच आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नको, तो उघडच बरोबर असला पाहिजे आणि तपासलेला असला पाहिजे. नियम शहाणपणाचे आहेत. पण डिसेंबर २०२३ मध्ये काय झालं ते पाहा. ६.१ या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या शाखेच्या ६.१.६४ मध्ये एक्स्ट४ या फाइल व्यवस्थेची एक दुरुस्ती मागे आणली गेली. मूळ शाखेत ती निर्दोष होती. मात्र मूळ शाखेत तिच्याआधी, शेजारच्या दुसऱ्या विभागात, आणखी एक बदल होऊन गेला होता आणि ही दुरुस्ती त्याच्यावर टेकलेली होती. तो शेजारचा बदल ६.१ मध्ये आलाच नव्हता. एकटीच आलेली दुरुस्ती नीट बसली, कोड बनला, यंत्रं चालू राहिली; आणि काही ठरावीक तऱ्हेच्या लिखाणात, फाइलमध्ये पुढचं कुठून लिहायचं ती जागा चुकू लागली. म्हणजे लोकांचा डेटा बिघडू लागला. डेबियन १२.३ त्याच शनिवारी, ९ डिसेंबरला, बाहेर पडत होतं आणि त्यात नेमकं हेच कर्नल होतं. ते थांबवलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त कर्नल घेऊन थेट १२.४ आलं.

मी ती माहिती वाचत होते तेव्हा मला लग्न करून दूरच्या गावी गेलेल्या मुलीची आठवण झाली. माहेरी ती कशी वागायची हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तिच्या तशा वागण्याला कोणाकोणाचा आधार होता, हे ती निघून गेल्यावरच कळतं. पॅच ज्या घरात जन्मला, त्या घराच्या कितीतरी गोष्टी त्याच्यात न लिहिता असतात. माझ्या दोन ओळींना २.० मधल्या त्या ठळक सूचनेचा आधार होता. मी ओळी नेल्या आणि सूचना मागे राहिली.

जँगो या पायथनमधल्या, वेबसाइट बांधायच्या साधनाच्या लोकांनी यासाठी एक साधा नियम लिहून ठेवला आहे: जो दोष आधी कळला असता तर ती आवृत्ती बाहेरच काढली नसती, तेवढ्याच दोषाची दुरुस्ती मागे न्यायची. सुरक्षा, डेटाचं नुकसान वगैरे वेगळं. मला हा नियम आवडतो, कारण तो बदलाकडे न बघता आधी दोषाकडे बघायला लावतो. 'ऱ' चा दोष मला आधी कळला असता तर मी १.४ थांबवली असती का? प्रामाणिक उत्तर: नाही. त्रुटी म्हणून लिहून ठेवली असती आणि आवृत्ती काढली असती.

आपल्या भाषेनेही हा निर्णय एकदा घेतला आहे, हे मला फार उशिरा लक्षात आलं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चार आले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या हाताला ते अनुस्वार सवयीचे होते, त्यांच्यासाठी हा केवढा मोठा वर्तनबदल. पण प्रश्न तिथे संपत नाही. जुन्या मजकुराचं काय करायचं? त्यासाठी नियमांमध्येच एक नियम आहे. केशवसुतांच्या पूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचं गद्य छापताना ते मुळाप्रमाणे छापावं. त्यानंतरचं लेखन, या दोघांच्या लेखनासह, नव्या नियमांनुसार छापावं. मी हे वाचून खुर्चीत मागे टेकून बसले. कोणीतरी शांतपणे विचार करून एक रेघ आखली होती: इथपर्यंत बदल मागे न्यायचा, त्यापलीकडचं होतं तसं राहू द्यायचं. रेघ योग्य जागी आहे का, यावर वाद होऊ शकतो. ती आखलेली आहे, लिहिलेली आहे आणि छापणाऱ्या प्रत्येकाला वाचता येते, हे मला मोलाचं वाटतं. माझ्या लायब्ररीत अशी रेघच नव्हती. जे पत्र पाठवतील त्यांच्यासाठी मी बदल नेत होते, आणि जे पत्र पाठवत नव्हते ते माझ्या हिशेबात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला विचार आला तो १.४.३ मागे घेण्याचा. मग लक्षात आलं की तेही इतकं सोपं राहिलेलं नाही. कॉलेजातल्या मुलाने १.४.३ घेऊन आपल्या सगळ्या नोंदींच्या खुणा नव्याने बनवून घेतल्या होत्या. काकांनी तीन महिन्यांत नोंदवलेल्या नव्या पुस्तकांच्या खुणा नव्या तऱ्हेच्या होत्या आणि आधीच्या जुन्या. मी नुसती माघार घेतली असती तर मुलाचं सगळं हरवलं असतं आणि काकांचं नवं हरवलं असतं. जुन्या शाखेत गेलेला बदल परत येताना रिकाम्या हाताने येत नाही. त्याने मधल्या काळात लोकांच्या डेटावर आपला ठसा उमटवलेला असतो.

म्हणून १.४.४ मध्ये मी वेगळी वाट धरली. लायब्ररी आता जुनी आणि नवी अशा दोन्ही खुणांनी शोधते. खुणा मिसळलेल्या दिसल्या तर तसं स्पष्ट सांगते आणि पुन्हा बांधायची आज्ञा सुचवते. नव्या नोंदीवर ती कोणत्या पद्धतीची आहे याची निशाणी ठेवते. दोन ओळी निस्तरायला एकशे चाळीसच्या वर ओळी लागल्या. सोबत एक चाचणी लिहिली, जी १.४.० ने बनवलेली खरीखुरी जुनी फाइल उघडते आणि तिच्यात वऱ्हाड शोधते.

रविवारी सकाळच्या एसटीने मी गावी गेले. खुणा पुन्हा बांधायला संगणकाला मिनिटभरही लागलं नाही. पण काकांचा त्या संगणकावर आता विश्वास उरला नव्हता, आणि तो उरावा असं म्हणायचा मला अधिकारही नव्हता. म्हणून आम्ही दोघं दुपारभर दाखल नोंदवही घेऊन बसलो. ते क्रमांक आणि नाव वाचायचे, मी शोधायची. ऱ्य, ऱ्ह, ॲ असलेली सगळी नावं, जवळजवळ अडीचशे. दऱ्याखोऱ्या सापडल्या. ॲटलास सापडला. काका प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने बारीक खूण करत होते, आणि मी पुढचं नाव ऐकायला थांबत होते.

वऱ्हाड आलं तेव्हा त्यांनी नोंदवही बाजूला ठेवली आणि खणातून मागणी वही काढली. सभासदाने मागितलेलं पुस्तक नसेल तर ते त्यात लिहून ठेवतात, पुढच्या खरेदीसाठी. त्या तीन महिन्यांत त्यांच्या सुबक अक्षरात त्या पुस्तकाचं नाव तीनदा आलं होतं, आणि तिन्हींपुढे 'नाही' होतं. त्यांनी तिन्ही 'नाही' वर एकेक रेघ मारली. मग खिशातून चष्मा काढून फोन लावायला बसले. पहिल्याने उचलला नाही. दुसऱ्या बाईंनी उद्या येते म्हणून सांगितलं. तिसरी एक मुलगी होती, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. काकांनी तिला पुस्तक मिळाल्याचं सांगितलं, थोडा वेळ ऐकलं, बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

"तिची परीक्षा गेल्या आठवड्यात झाली," ते म्हणाले, आणि नोंदवहीत पुढचं नाव शोधू लागले.